तीन ठोके

बेहड्याला हात घालण्याआधी गणूदादाने कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने बुंध्यावर तीनदा ठोकलं. आमच्याकडची रीतच आहे ती. झाडात जे कोणी राहत असेल, त्याने निघून जावं. शेकरू पळालं, पाखरं उडाली. मग त्याने पेट्रोलवरची करवत सुरू केली.

रान साफ करायला मीच सांगितलं होतं. काजू लावायचे होते, ओळीत, सगळे एकसारखे.

झाड आदळलं तेव्हा पायाखालची जमीन हादरली. खोड ढोलीपाशी उभं फाटलं. आत धनेश पक्ष्याची मादी होती. ढोलीचं तोंड आतून लिंपून, पंखांची पिसं गाळून ती अंड्यांवर बसली होती. आता चोच तुटली होती, छाती फुटली होती आणि रक्तात बलक मिसळला होता.

"तीनदा ठोकलं हो मी, वहिनी," गणूदादा म्हणाला. हातातली करवत अजून गुरगुरत होती.

ठोकलं होतंच. पण जिने स्वतःला चिणून घेतलंय, ती निघणार कशी? आणि खोडावरचं शेवाळ, फांदीवर रुजून फुललेली आमरी, ती कुठे जाणार होती? निघून जा म्हणायचं आणि जायला जागाच ठेवायची नाही, याला आम्ही रीत म्हणतो! ती कुऱ्हाड माझ्याच पायावर घालावीशी वाटली.

तेवढ्यात डोक्यावर मोठ्या पंखांचा आवाज घुमला. नर आला होता. याच्याच चोचीतून सांडलेल्या बियांनी हे रान वाढवलं. उंबर चोचीत धरून तो ढोलीच्या उंचीवर, रिकाम्या हवेत घिरट्या घालत राहिला. आपण आल्याचं सांगायला चोचीने ठोकावं, असं तिथे काहीच उरलं नव्हतं.