माळ्यावरचे बूट

कोपरला आमच्या समोरच्या घरात कलावतीवहिनी राहतात. गाव लांज्याकडचं. मॅट्रिकनंतर रत्नागिरीत डी.एड.ला त्यांचा नंबर लागला होता, पण त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. सासूने नव्या सुनेच्या चपला स्वतःच्या पेटीत ठेवल्या. बाहेर जायचं तर मागून घ्यायच्या. वहिनींचे यजमान पोपटराव याला घराची शिस्त म्हणत. पुढे सासू गेली, पेटी उघडली, तर चपलांचं चामडं वाळून लाकूड झालं होतं.

वहिनींची सून विनिता कॉलेजात इतिहास शिकवते. डिसेंबरात पुण्याला पीएच.डी.साठी तिची मुलाखत होती. त्या सकाळी ती आमच्या हिच्या चपला मागायला आली. स्वतःचे बूट सापडत नव्हते. संध्याकाळी ते माळ्यावर मिळाले.

"साफसफाईत गेले असतील वर," वहिनी म्हणाल्या.

विनिताची निवड झाली. आता आठवड्याचे पाच दिवस पुण्यात राहायचं होतं. नवरा संदेश पाळीवर कामाला, त्यामुळे सहा वर्षांच्या सान्वीला आजीशिवाय कोण बघणार? वहिनी हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

"हल्लीच्या मुलींचं बरंय," एवढंच जिन्यात दोनदा ऐकवलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या बायकांनी विनिताचं भाषण ठेवलं. विषय तिच्या अभ्यासाचाच, जुन्या बादशाही चीनमधल्या स्त्रिया. माईक सांभाळायला मी होतो.

मोठ्या घरांतल्या काही बायका कविता लिहायच्या, असं ती सांगत होती.

"आणि भात कोण लावायचं?" वहिनी पहिल्या रांगेतून.

"नोकर असायचे, आई."

"तेच म्हणते!"

बायका हसल्या. मग विनिता मुलींच्या पायांवर आली. पाच-सहा वर्षांची झाली की मुलीची बोटं तळव्याखाली वळवून पट्ट्यांनी आवळायचे. पाऊल मुठीएवढं राहावं म्हणून.

"कोण बांधायचं? बाप?" कोणीतरी विचारलं.

"नाही. बहुतेक घरांत आईच. नाहीतर आजी."

"बाई गं! आईच्याने कसं होत असेल?"

"पाय मोठा राहिला तर चांगलं स्थळ मिळायचं नाही. आईचे स्वतःचे पायही तसेच बांधलेले असायचे."

"पोरगी अंगणात धावताना बघून तिच्या पोटात दुखत नसेल कशावरून?" वहिनींचा आवाज माईकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

विनिताने हातातले कागद चाळले. "तसं कुठे लिहिलेलं नाही सापडलं, आई."

"लिहील कोण? असलं कोणी लिहितं का?"

कोणी हसलं नाही. सान्वी तेवढी खुर्च्यांमधून अनवाणी पळत होती.

कार्यक्रम संपल्यावर स्पीकरची वायर गुंडाळत मी दाराशी होतो. दोघी सासू-सुना उरलेला तिळगूळ डब्यात भरत होत्या.

"तुझे बूट मीच टाकलेले माळ्यावर," वहिनी डब्याकडे बघत म्हणाल्या.

"माहितीय."

"माहितीय? मग भांडलीस का नाही?"

"भांडून सान्वीला कोणाकडे ठेवू?"

वहिनींनी झाकण दाबून बसवलं. "हुशार आहेस. त्याचाच राग येतो मला." मग म्हणाल्या, "जा पुण्याला. पोरीला बघीन मी. पण फोन करून तिकडची हॉस्टेलची मजा सांगत बसू नकोस. मला नाही सहन होणार."

"बरं," विनिता म्हणाली, आणि हसू आवरायला तिने तोंड फिरवलं.

सोमवारी पहाटे विनिता निघते. बूट दारात जोडीने ठेवलेले असतात, पिशवीत डबा भरलेला असतो. ती "आई, येते" म्हणते, आणि नेमका त्याच वेळी आतून मिक्सर सुरू होतो. डबा भरून झाल्यावर एवढ्या पहाटे कसलं वाटण, असं आमच्या हिने एकदा विचारलं.

"खोबऱ्याची चटणी," वहिनी म्हणाल्या. "तिला लागते पुण्याला."