पाना वाजवून घेणारे साडू

पाना विकत घ्यावा तर आमच्या साडूंनीच; बाकी आपण सगळे दुकानातून नुसतं लोखंड घरी आणतो. हे माझं मत नव्हे, खुद्द साडूंचं आहे, आणि ते त्यांनी मला माझ्या लग्नाच्या मांडवात, अक्षता पडून अर्धा तासही झाला नसेल तेव्हा, ऐकवलं होतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, त्यांची बायको. एवढ्या आधारावर त्यांनी मला लोखंडातलं शिक्षण द्यायचा विडा उचलला. मी पडलो शाळामास्तर. माझ्या घरात हत्यार म्हणावं असं काय ते एक पक्कड, आणि तिनेही मी खिळे ठोकत असे. साडू पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी चहाआधी ती पक्कड मागवली, उंबऱ्यावर आपटली, कान लावला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता माझी बदली होणार. "पावणं," ते म्हणाले, "ही पक्कड न्हाय. ह्यो चिमटा हाय. भाकरी परता हिनं."

कोल्हापुरात, उद्यमनगरात साडूंचं छोटं वर्कशॉप होतं. दिवसभर तिथे घण आणि हातोडे चालत, आणि त्या गदारोळात साडू एखाद्या मैफलीला बसल्यासारखे बसलेले असत. त्यांचा लौकिक हाताचा नव्हताच, कानाचा होता. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं ते ओतीव लोखंडाला हातोडी लावत. धड असलं तर खणखणतं, आत कुठे चीर असली तर बद्द वाजतं. हे सगळ्याच कारागिरांना ठाऊक असतं म्हणा, पण साडू चीर कुठल्या अंगाला आहे तेसुद्धा सांगत. आजूबाजूच्या फौंड्र्यांतली माणसं अडल्या वेळी माल घेऊन येत आणि म्हणत, "मालक, जरा कान द्या." मग साडू सगळ्यांना गप्प करून डोळे मिटत. कपाळावर आठी उमटली की माल परत भट्टीत! त्यांच्या शब्दावर कुणी कधी हुज्जत घातल्याचं मला आठवत नाही.

हाच कान घेऊन ते लक्ष्मीपुरीत हत्यारांच्या दुकानात जात. तिथल्या शेठजींनी खास त्यांच्यासाठी काउंटरखाली एक शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला होता. साडू आले की शेठजी आधी तो तुकडा वर काढत, मग दोन चहा सांगत, मग निमूटपणे डझनभर पाने पुढ्यात ओतत. साडू एकेक पाना फरशीवर टाकत आणि निकाल देत. "ह्यो बोलतोय. ह्यो मुका. ह्यो बोलतोय, पर खोटं बोलतोय." तासाभराने डझनातला एक पाना पसंत पडे आणि उरलेल्या अकरांची मान खाली जाई. शेठजी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या साडूंना पाना पसंत पडण्यापेक्षा पोरीचं लग्न जमवणं सोपं." पण हेच शेठजी नवा माल आला की दुसऱ्या कुणाला दाखवण्याआधी साडूंना निरोप धाडत, हेही मी पाहिलंय.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर साडूंनी एक जुनी फियाट घेतली. दुसरा कुणी असता तर त्याने आधी इंजिन उघडलं असतं. साडूंनी आधी टेप बसवायला घेतला! आणि टेप बसवायचा म्हणजे दस्तगीरकडेच. दस्तगीरचं दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि छतापासून लोंबणाऱ्या वायरी. पण हा बाबा गाडीला हात लावण्याआधी डॉक्टरासारखे प्रश्न विचारायचा. पुढं कोण बसतंय? काच उघडी असती का बंद? मागं पोरं किती? साडू खूश! त्यांनी खिशातून कॅसेट काढली. शिवाजी पेठेत त्यांच्या तालमीची मिरवणूक निघाली होती, तेव्हा त्यांनी स्वतः ती भरून घेतली होती. हलगी, घुमकं आणि पन्नास-साठ लेझमी. "गाणं काय, कुठल्याबी डब्यात वाजतंय," त्यांनी दस्तगीरला सांगितलं. "मला लेझमीच्या चकत्या सुट्ट्या सुट्ट्या ऐकाय आल्या पायजेत." मग भर मे महिन्यात काचा वर करून दोघे त्या गाडीत तीन तास बसले. बाहेर आले तेव्हा दोघांचेही सदरे अंगाला चिकटलेले होते, आणि चेहऱ्यावर नुकतीच कुस्ती मारल्याचा आनंद होता. साडूंनी मला आत कोंबलं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. त्या चार दारांच्या आत अख्खी मिरवणूक उभी होती!

तेव्हापासून दर दिवाळीला फियाट दस्तगीरकडे जाऊ लागली. "दस्तगीर, चकत्या कमी झाल्यात रं," साडू म्हणत. दस्तगीर मान हलवून काहीतरी उघडायचा, काहीतरी बसवायचा, आणि साडू तृप्त होऊन परतत. दरवर्षी स्पीकर वाढत गेले आणि त्याबरोबर आमचे हालही. पोरं कानात कापूस घालून गाडीत बसत. एकदा वारणानगरला एका लग्नाला गेलो. साडूंनी मंडपाच्या दारात गाडी लावली आणि त्यांना लेझीम पुरी ऐकायची होती म्हणून टेप चालूच ठेवला. आतून मुलीकडच्या बायका आरतीची ताटं घेऊन धावत आल्या, बँडवाल्यांनी घाईघाईने सुरुवात केली, आणि मुलीच्या वडिलांनी मोठ्या आदराने दार उघडून मला, दोन पोरांच्या बापाला, नवरदेव म्हणून खाली उतरवलं. खरी वरात अजून यायची होती. साडूंना याची लाज वगैरे काही वाटली नाही. "बघा," ते म्हणाले, "दस्तगीरचा हात!"

पुढे कोल्हापुरात ते मोठं थोरलं, थंडगार दुकान उघडलं. साखळीतलं दुकान होतं, म्हणजे इथे जे दिसेल तेच पुण्यात, तेच नाशकात. सरकता जिना, ढकलायच्या गाड्या, आणि कुणी काही विचारायच्या आत सगळीकडून "वेलकम सर"! मी नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती आणि मला तिच्यात म्युझिक सिस्टिम बसवायची होती. दस्तगीरपेक्षा इथे लवकर उरकेल, या आळशी विचाराने मी साडूंना जाणकार म्हणून बरोबर नेलं. आक्का आणि माझी बायको बादल्यांच्या विभागात शिरल्या आणि आम्ही गाड्यांच्या. तिथे एका भिंतीवर पान्यांचे संच टांगलेले होते, प्रत्येक पारदर्शक प्लॅस्टिकात गच्च बंद. साडूंनी एक काढला, उलटासुलटा केला आणि गणवेशातल्या मुलीला म्हणाले, "बाई, ह्यो फोडा."

"सॉरी सर, पॅक ओपन करता येत नाही."

"मग वाजवायचा कसा?"

त्या मुलीच्या प्रशिक्षणात पाना वाजवण्याचा धडा नव्हता. साडूंनी तिला समजावलं की माणूस नारळसुद्धा वाजवून घेतो, मग ज्याच्या जिवावर चाक आवळायचं तो पाना मुक्यानं कसा घ्यायचा? गर्दी जमली. मला अगदी उकळ्या फुटत होत्या. शेवटी मॅनेजर आला आणि त्याने हसत एक संच फोडला. साडूंनी पाना त्या आरशासारख्या फरशीवर टाकला.

टण्ण! पार बादल्यांपर्यंत आवाज गेला. एक म्हातारे गृहस्थ "वा!" म्हणाले.

"मुका हाय," साडू म्हणाले.

दुसरा टाकला. तोही तसाच खणखणला. "ह्योबी मुका." मला वाटलं, नाटक करताहेत, आता म्हणतील, लक्ष्मीपुरीला चला. पण ते तिसरा टाकत होते, वाकून, कान पुढे करून, आणि कपाळावर ती आठी होती. मग ते स्पीकरच्या फळीकडे वळले. लेझमीची कॅसेट त्यांनी एव्हाना सीडीवर उतरवून घेतली होती. ती लावली आणि आवाज वाढवत गेले. एक बाळ रडायला लागलं, लोक कानांवर हात ठेवून लांब पळाले. साडू एकटे तिथे उभे होते. "चकत्या कुठं हायत?" ते मला विचारत होते. "पावणं, चकत्याच न्हाईत ह्यात."

त्या मुलीने आवाज कमी केला. जवळ आली आणि दुकानातली ती पाठ केलेली भाषा सोडून आपल्या घरच्या बोलीत हळूच म्हणाली, "काका, आमच्या आबांचं आसंच झालंतं. पान्यात खोट न्हाय. डाक्टरला कान दावून घ्या."

"काय म्हणती?" साडूंनी मला विचारलं.

त्यांना ऐकू गेलंच नव्हतं. आता ते वाक्य मला मोठ्याने, त्या सगळ्या लोकांदेखत म्हणायचं होतं. मी वर्गात साठ पोरांना ऐकू जाईल असं बोलतो, तोच आवाज मी लावला, पण वाक्य दुसरंच निघालं. "म्हणतेय, चांगला माल संपलाय," मी ओरडलो.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पावणं, तोंड बघितलंय मी तिचं," ते म्हणाले. त्यांनी तो फोडलेला संच विकत घेतला आणि बाहेर पडले. आक्काला आणि माझ्या बायकोला रिक्षात बसवून आम्ही दोघे फियाटमधून तडक दस्तगीरकडे गेलो. वाटेत त्यांनी टेप लावला नाही. ज्या कानाने त्यांनी उद्यमनगरात नाव कमावलं, त्याच कानाचा निकाल ऐकायला ते निघाले होते.

साडूंनी दुकानाच्या पायरीवर पाना टाकला. "सांग."

दस्तगीरने हातातली वायर खाली ठेवली.

"सांग की रं! बोलतोय का न्हाय?"

"बोलतोय," दस्तगीर मोठ्याने म्हणाला. "देवळातल्या घंटेगत बोलतोय."

मग त्याने फियाटचं दार उघडलं आणि एकेक दाखवायला लागला. बारीक आवाजाचे जादा स्पीकर, सगळे ड्रायव्हरच्या उजव्या-डाव्या कानाशी लपवलेले. सगळी बटणं शेवटच्या टोकाला. दर दिवाळीला थोडं थोडं. कितीतरी वर्षं तो गाडी नव्हे, साडूंचा कान दुरुस्त करत होता.

"मला सांगितलं का न्हाईस?"

दस्तगीरने पाना उचलून फडक्याने पुसला. "तुम्ही दरसाल म्हणायचा, दस्तगीर, तुझ्या हातात आता पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाय. म्हटलं, बोल मलाच लागू दे."

साडू त्या एकुलत्या एका स्टुलावर बसले. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः फौंड्र्या हिंडले आणि सांगून आले, आता माझ्याकडे माल आणू नका, चांगल्या मालाला मी मुका म्हणत आलोय. मग आम्ही कानाच्या मशीनच्या मागे लागलो, आणि साडू पुन्हा साडू झाले! डब्यातलं तयार मशीन त्यांनी तीन ठिकाणी नाकारलं. शेवटी राजारामपुरीत एक डॉक्टरीणबाई सापडल्या, ज्यांनी आधी विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय?" साडूंनी माझ्याकडे वळून डोळा मारला. बाईंनी चार वेळा बोलावून मशीन जुळवलं. चारही वेळा दस्तगीर दुकान बंद करून बरोबर आला होता. मग त्याने फियाटमधले आपले सगळे जादा स्पीकर एकेक करून काढले, आणि काढताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही चौघे बिद्रीला, आम्हा दोघांच्या सासुरवाडीला निघालो. टेप अगदी बेताच्या आवाजात लावला होता. आक्का पुढे बसली होती. एका वळणावर ती नेहमीसारखी ओरडली, "अवो, डावीकडनं घ्या!"

"अगं, हळू बोल की," साडू म्हणाले. "ऐकाय येतंय मला."

 किती वर्षं आक्का त्यांच्याशी ओरडूनच बोलत होती! आणि ओरडून माणसाला काय बोलता येतं? जेवाय चला, सिलेंडर संपलाय, डावीकडनं घ्या. बाकीचं सगळं तिने कधी बोलायचं सोडून दिलं होतं, हे आम्हा कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. दोन-तीन मैल ती नुसती बाहेरचा ऊस बघत राहिली. मग त्यांच्याकडे जराशी कलली आणि काहीतरी म्हणाली, इतकं हळू, की मागे बसलेल्या आम्हा दोघांना एक अक्षर कळलं नाही.

साडूंनी गाडी सावकाश केली आणि टेप बंद केला.

"आलं ऐकाय," ते म्हणाले. "पर परत एकदा म्हण."