ताडीपाशी बसणारा शुक्रा

आमच्या गंजाडकडच्या पाड्यांवर लग्न ठरलं की मांडववाल्याच्याही आधी शुक्राला सांगावा जातो. त्याने येऊन ताडीपाशी बसावं म्हणून. शुक्रा ख्रिस्ती. दर रविवारी बायकोला, जिजाला, मोटारसायकलवर मागे बसवून तलासरीला चर्चला जातो आणि ताडीला तोंड लावत नाही. ताडीचे कॅन ज्याच्या ताब्यात द्यावेत तो पाहुणे यायच्या आधीच चव बघायला बसतो, हा आमचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. मग न पिणाराच बसवावा, अशी अक्कल कुणाला तरी सुचली आणि शुक्रा आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांचा राखणदार झाला.

मी विनोद, टेम्पो चालवतो. एरवी मला शुक्रा फार आवडतो. लग्नात मात्र मी त्याला पाण्यात पाहतो. त्याने एखादं प्रवचन तरी झोडावं! म्हणजे रागावता येतं आणि रागाच्या भरात एक पेला जास्त घेता येतो. पण हा बाबा पिऊ नको म्हणून कधी सांगतच नाही. आपण गेलो की तोंडभर हसतो आणि म्हणतो, "आलास ते बरं झालं. हे टोक धर." टोक ताडपत्रीचं असतं. दुसरं टोक त्याने स्वतः धरलेलं असतं, वर चर्चमधलं गाणं बेसूर गुणगुणत असतो. ताडपत्री बांधून झाली की पाण्याचं पिंप, पिंप झालं की पंगतीच्या चटया. सगळं झाल्यावर मात्र हात आखडता न घेता ओततो, आणि आधी म्हाताऱ्यांना. शिव्या घालायला गेलेला माणूस घामाघूम होऊन हसत परत येतो. शुक्रा बसायला लागल्यापासून आमच्याकडची लग्नं वेळेवर लागतात, ही किती शरमेची गोष्ट आहे सांगा.

यंदा माझ्या भाचीचं, रुपलचं लग्न होतं. तिचा बाप लाहू, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, लाख माणूस. पण थोरल्या शितलच्या लग्नात पाठवणीच्या वेळी हा गवताच्या गंजीत घोरत पडलेला. सगळ्यांनी हलवून पाहिलं. शितल टेम्पोजवळ उभी राहून वाट बघत होती. शेवटी तशीच गेली. म्हणून रुपलने बापाकडे एकच मागितलं होतं, "बा, मला दुसरं काय नको. निघताना उभा राहा फक्त."

लग्नाच्या दिवशी सकाळी लाहूने शुक्राला गाठलं. "मी मागितली तरी देऊ नको," म्हणाला. शुक्रा म्हणाला, "बरं."

ऊन चढलं तसा लाहू कॅनांपाशी घुटमळायला लागला.

"शुक्रा, घसा सुकलाय रे."

"पाणी हाय. ताडी द्यायला सकाळचा लाहू नको बोललाय."

"त्याला काय कळतं? मी सांगतो ना आता."

"तू कोण?"

"मी लाहू."

"तोपण लाहूच होता. लई काकुळतीला आलेला बिचारा. त्याला मी शब्द दिलाय."

स्वतःलाच शिव्या घालत हिंडणारा नवरीचा बाप मी पहिल्यांदा पाहिला. दर फेरीला शुक्राने त्याच्या हातात काहीतरी दिलं: घागर, झाडू, डाळीचं पातेलं. लाहूने अंगण झाडलं, शेजाऱ्याचंही झाडलं. मी हळूच पेला पुढे केला तर शुक्रा मला म्हणाला, "टेम्पोवाल्याला नाय," आणि बटाटे सोलायला बसवलं. नवरीचा मामा मी, कपाळावर बाशिंगाची चमकी लागलेली, मांडीवर बटाटे!

आमच्यात भटाच्या जागी असते ती धवलेरी. तिने गाणी म्हणून लग्न लावलं, पंगती उठल्या, रुपल निघायला तयार झाली. एवढ्यात नवऱ्याचा बाप, काळ्या त्याचं नाव, काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला घेऊन आला. हा पेला त्याच्या घरच्या ताडीचा. आमच्यात व्याही व्याह्याला आपल्या हाताने पाजतो. नाही म्हटलं तर सोयरीक पहिल्याच दिवशी नासते. आणि लाहूचं तर असं, की पहिला पेला पुढच्या सगळ्यांना घेऊनच येतो. वाजंत्रीसुद्धा थांबली. रुपल जमिनीकडे बघत होती.

सगळ्यांनी शुक्राकडे पाहिलं. तो उठून लाहूच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि गप्प! मला असा राग आला. दिवसभर तोंड चालवलंस आणि आता मूग गिळून बसतोस? पुढे मी विचारलं तर म्हणाला, "राखायला मला कॅन दिले होते रे, लाहू नाय. प्रभूला हाका मारत होतो."

लाहूने दोन्ही हातांनी पेला घेतला, कपाळाला लावला. "व्याही, घेतला मी. पितो, पण पोरीला सोडल्यावर." आणि पेला शुक्राच्या हातात दिला. "तू धर. तू सांडणार नाय नि पिणार पण नाय."

काळ्याच्या कपाळावर आठी आली. मग तो इतका हसला की फेटा सुटला. "मग मीपण तेव्हाच घेईन," म्हणाला.

पुढच्या सगळ्या फोटोंत शुक्रा आहे, काठोकाठ भरलेली ताडी छातीशी धरून, थेंब सांडू नये म्हणून श्वास रोखलेला. ते फोटो मोबाइलवर फिरले आणि चर्चमधल्या बायकांना खुलासे देता देता जिजा हसून हसून बेजार झाली.

रुपलला टेम्पोत बसवायला लाहू स्वतःच्या पायांनी आला, ताठ. ती त्याच्या गळ्यात पडून रडली, तो रडला, धवलेरी रडली, नवरदेव कारण नसताना रडला. मी स्टिअरिंग धरून नाक ओढत होतो. गाडी सुरू करणार तोच शितल पोराला आईकडे देऊन टेम्पोत चढली आणि बहिणीशेजारी बसली.

"तू कुठं?" मी विचारलं.

"कुठं नाय. बा, माझी राहिलीय."

लाहूला कळायला थोडा वेळ लागला. मग तो वळसा घालून तिच्या बाजूला आला. तिचा पदर नीट केला, डोक्यावर हात ठेवला. "नीट जा गे," म्हणाला. "येत जा." आणि मला हाताने खूण केली, चल म्हणून.

मी गाडी काढली. आरशात लाहू दिसत होता, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात वर करून हलवणारा. शितल मागे वळून बघत होती. थोडं पुढे जाऊन मी तिला उतरवायला ब्रेकवर पाय ठेवला.

"मामा," ती म्हणाली, "अजून थोडं पुढं घे."