सांगायची वेळ आणि निघायची वेळ

दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. टूरची बस, म्हणजे आमचा कोच, सुरू होता आणि एकतीसपैकी नऊ सीट रिकाम्या होत्या. पहिल्या सीटवर कार्डिफचे कांबळेकाका मांडीवर व्हायोलिनची केस घेऊन बसले होते. घड्याळाकडे बघत नव्हते, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटत होतं.

मी लेस्टरची टूर मॅनेजर. यूकेतल्या मराठी मंडळींना उत्तर इटली दाखवते. त्या दिवशी सकाळी बर्गामो, दुपारी तळ्याकाठचं सिर्मिओने आणि शेवटी क्रेमोना. क्रेमोना म्हणजे व्हायोलिन बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या एका कारागिराची चारची अपॉइंटमेंट मी काकांसाठी घेतली होती. साडेचारला दुकान बंद करून तो सुट्टीवर निघणार होता.

व्हायोलिन काकूंचं. त्या कार्डिफच्या शाळांत व्हायोलिन शिकवायच्या. त्या गेल्यावर काकांनी चार वर्षं केस उघडली नाही. उघडली तेव्हा तारा सैल आणि आवाज फुटका. "मला वाजवता येत नाही, ताई," काका म्हणाले होते, "एकदा ऐकायचंय फक्त. तिला क्रेमोना बघायचं होतं, तर तिथेच ऐकू."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. मराठी ग्रुपला दोन वेळा असतात: सांगायची आणि निघायची. तीनला निघायचं असेल तर अडीच सांगायचं. चौदा वर्षं माझं यावर उत्तम चाललंय. त्या दिवशी मात्र काकांसाठी मी खरीच वेळ सांगितली. माइकवरून बजावलं, "आज अडीच म्हणजे अडीच."

नऊ जण दोन पंचावन्नला जिलाटो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम खात, रमतगमत आले.

"अनघा, अडीच सांगितलं होतं ना?"

"अगं, तुझं अडीच म्हणजे तीन," इल्फर्डची अनघा म्हणाली. "आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं."

मला चिडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने चिडणार? काकांना विचारून मी माइक घेतला आणि सगळं सांगून टाकलं, माझ्या थापांसकट.

ड्रायव्हर मार्कोने हिशेब केला. चार वाजून पाच मिनिटांनी कोच पार्किंग, पुढे पायी. इटलीतल्या जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड घरी येतो. पायी वीस मिनिटं, काकांच्या गुडघ्याने चाळीस. टॅक्सीवाले फोनवर अर्धा तास थांबा म्हणाले.

तेवढ्यात मागून अनघाची आई, देशपांडेआजी बोलल्या, "माझी व्हीलचेअर आहे की. मी बसते कोचमध्ये. त्यांना न्या."

"अहो, तुमच्या खुर्चीत मी कसा बसू?"

"बसा हो. मी काय पळून जाणार आहे?"

मग आम्ही पळालो. मी मॅप बघत पुढे, अनघा खुर्ची ढकलत, काका केस छातीशी धरून, आणि मागून पाण्याच्या बाटल्या घेतलेली अख्खी वरात. एका गल्लीत चाक दगडांत अडकलं. चौघांनी काकांसकट खुर्ची उचलली. "सावकाश, सावकाश," काका म्हणत होते आणि हसत होते. खरं सांगते, इतकी मजा मला चौदा वर्षांत आली नव्हती.

चार एकवीस. कारागीर किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. त्याने केसकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि किल्ली खिशात टाकली.

छोट्या आरशाने त्याने व्हायोलिनच्या पोटात बघितलं. आतली एक बारीक काठी पडली होती. तिच्यावरच आवाज उभा असतो, म्हणाला. वाकड्या हत्याराने त्याने ती उभी केली, तारा जुळवल्या आणि वाजवायला लागला.

काकांनी डोळे मिटले. "हाच," म्हणाले. "हाच आवाज."

दारापाशी आमची मंडळी उभी होती. मी रडले, ते लपवत नाही. पाच वाजून गेले तरी दुकान उघडंच होतं.

यातून मी एवढंच शिकले, की लोकांना खोट्या वेळेची सवय लावली की खरी वेळ सांगायची सोय राहत नाही. दुसऱ्या दिवशी मी सरळ साडेआठ सांगितलं आणि चौदा वर्षांच्या सवयीने आठ पस्तीसला हॉटेलातून खाली उतरले. एकतीसच्या एकतीस जण सीटबेल्ट लावून बसले होते.

"या ताई," काका म्हणाले, "तुमच्यासाठीच थांबलोय."