बुधवारच्या डॉक्टर केळशीकर

सोजराबाई मूळच्या चिखलीच्या. चिंचवडजवळच्या पन्नास खाटांच्या छातीच्या दवाखान्यात त्या आठ वर्षं आया होत्या. म्हणजे पगारपत्रकावर आया. वॉर्डात खिडकी कधी उघडायची, कुणी गुपचूप विडी ओढली आणि कुणी औषध उशीखाली लपवलं, हे सगळं त्यांच्या अखत्यारीत. दवाखान्यात एम.डी.चा अभ्यास करणारे तरुण डॉक्टर सहा-सहा महिन्यांसाठी यायचे. त्यांच्यावर देखरेख करायला विद्यापीठानं पुण्याचे डॉक्टर केळशीकर नेमले होते. ते दर गुरुवारी मोटारीतून यायचे. उरलेले सहा दिवस त्या पोरांकडे बघायचं कुणी, हे विद्यापीठानं लिहून ठेवलं नव्हतं. सोजराबाईंनी ते कुणाला विचारलंही नाही.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत गिरगावातून डॉक्टर टिपणीस आला. बारीक, गोरा, चष्मेवाला, आणि हुशार तर इतका की झोपेतही औषधांची नावं बडबडायचा. पण केळशीकर समोर उभे राहिले की त्याचं सगळं पुसून जायचं. पहिल्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "पेशंटचं नाव काय?" तर यानं स्वतःचं सांगितलं. दुसऱ्या गुरुवारी विचारलं, "दुखणं कुठल्या बाजूला?" तर यानं दोन्ही हात वर केले. तिसऱ्या गुरुवारी केळशीकर वैतागून म्हणाले, "अहो, मी तुमचा गाइड आहे, वाघ नाही!"

"हो सर, वाघ," टिपणीस म्हणाला.

त्या दिवशी त्याचं ताट जसंच्या तसं परत आलं. सोजराबाई ताट घेऊन पुन्हा त्याच्या खोलीवर गेल्या.

"डाक्टर, भाकरीनं काय घोडं मारलंय?"

"सोजराबाई, मी नापास होणार. मला सगळं येतं हो! पण सर 'कशावरून?' म्हणाले की जीभ टाळूला चिकटते."

सोजराबाईंनी ताट खाली ठेवलं. आठ वर्षं त्या पडद्यामागं उभ्या राहून केळशीकरांचं बोलणं ऐकत होत्या. साहेबांचे नेहमीचे प्रश्न मोजून चार: 'किती दिवस?', 'कशावरून?', 'आणि?' आणि शेवटी 'मग काय करणार?'. उत्तर बरोबर की चूक हे बाईंना कळत नसे, पण चुकलं की साहेब चष्मा काढतात आणि बरोबर आलं की नाक खाजवतात, एवढं पक्कं ठाऊक होतं.

"एवढंच न्हवं? मग बुधवारी आमीच क्येळशीकर," त्या म्हणाल्या. "आधी ज्येवा."

बुधवारी दुपारी पुरुषांच्या वॉर्डात सोजराबाई अवतरल्या. लुगड्यावर साहेबांचा खुंटीवरचा जुना पांढरा कोट, नाकावर धोबी दत्तोबाचा वाचायचा चष्मा, हात मागं बांधलेले. त्या दारातूनच गरजल्या, "काय हो टिपणीस! किती दिवस?"

टिपणीस पहिल्यांदा हसला. मग घाबरला, कारण आवाज खरंच तसाच होता. मग हळूहळू बोलू लागला. पेशंटांना हा खेळ इतका आवडला की पुढच्या बुधवारी तीन नंबरच्या खाटेवरच्या उद्धवरावांनी ताप असूनही उठून बसायचा हट्ट धरला. सोजराबाई चष्मा काढायच्या, टिपणीस उत्तर सुधारायचा. खरं म्हणजे चष्म्यातून त्यांना काहीच दिसत नसे, म्हणून त्या तो मधूनमधून काढत. पण टिपणीसला वाटे आपलं चुकलं, आणि तो अजून खोलात जाई.

पाचव्या बुधवारी घोळ झाला. केळशीकरांना गुरुवारी मुंबईला जायचं होतं, म्हणून ते एक दिवस आधीच निघाले. त्यात मोटार दापोडीला बंद पडली आणि साहेब टांग्यानं आले. त्यामुळं हॉर्न वाजलाच नाही. टिपणीस दाराकडं पाठ करून चऱ्होलीच्या सोनबाच्या खाटेशी उभा होता. समोर सोजराबाई, हात मागं बांधून. दारात साहेब.

पहिल्यांदा उद्धवरावांना ते दिसले. इशारा म्हणून ते खोकले. शेजारचा खोकला. मग सगळा वॉर्ड जीव तोडून खोकू लागला. पण छातीच्या दवाखान्यात खोकल्याकडं कोण लक्ष देतो?

"कशावरून?" सोजराबाईंनी विचारलं.

"उजव्या बाजूला बोटानं ठोकलं की दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज येतो. तिथं श्वास ऐकू येत नाही. फुफ्फुसाभोवती पाणी झालंय."

तेवढ्यात सोजराबाईंनी चष्मा काढला आणि त्यांना दार स्वच्छ दिसलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि?" मागून आवाज आला.

"हृदयाचा ठोका डावीकडं सरकलाय," टिपणीस मागं न बघताच म्हणाला.

"आणि?"

"आणि सोनबा आठ दिवस फक्त उजव्या कुशीवर झोपतोय. डावीकडं वळला की धाप लागते. अहो सोजराबाई, ओठ न हलवता कसं बोलता तुम्ही?"

"आमी न्हाई बोललो," सोजराबाई पुटपुटल्या.

टिपणीस वळला. केळशीकर नाक खाजवत होते. त्याची बोबडी वळायला हवी होती, पण नाकाकडं बघून त्याला हसूच फुटलं. मग सोनबाला, मग साऱ्या वॉर्डाला.

"बाई," केळशीकर म्हणाले, "मी इतक्या वेळा चष्मा काढतो?"

"व्हय सायेब. पर तुमी लई झ्याक काढता. आमचा कानातच अडकतोय."

साहेबांनी टिपणीसला विचारलं, "आता मग काय करणार?" त्यानं घडाघडा सांगितलं. संध्याकाळपर्यंत सोनबाच्या छातीतलं पाणी टिपणीसनं स्वतःच्या हातानं काढलं, आणि सोनबा म्हाताऱ्यानं डाव्या कुशीवर वळून जी ताणून दिली, ती दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावरच तो उठला.

पुढच्या वर्षी टिपणीस पास झाला आणि पेढे घेऊन आला. तेव्हा दवाखान्यात नागपूरच्या डॉक्टर सुमनताई नव्यानं आल्या होत्या. त्या कुणालाच भीत नसत. पहिल्याच गुरुवारी त्यांनी केळशीकरांशी अर्धा तास वाद घातला. सोजराबाई हिरमुसल्या. हिला शिकवायचं काय? चार दिवस त्या नुसत्याच लक्ष ठेवून होत्या. पाचव्या दिवशी त्यांना कळलं की सुमनताई घरची आठवण आली की औषधांच्या खोलीत जाऊन रडतात आणि बाहेर येऊन सगळ्यांवर खेकसतात.

सोजराबाईंनी दाराबाहेर स्टूल टाकलं आणि त्यावर बसून घेतलं.

"रडा निवांत," त्या आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "कुनी आलं तर आमी खोकतो."

आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मग हसल्याचा.