वासुभाऊंचा चाकू आणायला गेलो तेव्हा

परगावाहून काहीतरी आणायचं म्हणून माणसं हौसेनं निघतात. मी रायपूरहून एकच वस्तू आणायला निघालो होतो, आणि ती मला मिळू नये असं मनापासून वाटत होतं.

आधी आमच्या खुळाविषयी सांगायला हवं. खिशात मिटता चाकू बाळगणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. सिनेमातल्या गुंडांचे, खटक्यासरशी उघडणारे चाकू आम्हाला वर्ज्य. आमचे नखानं पातं ओढून उघडायचे, लाकडाची नाहीतर शिंगाची मूठ असलेले, पूर्वी आजोबांच्या कोटात असायचे तसले. त्यानं पेरू चिरायचा, सुतळी कापायची. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यामुळे पेन्सिलींचं निमित्त मला कायमचं मिळालेलं आहे. घरचे नाकं मुरडतात. मुरडोत, हौसेला मोल नसतं. रोज सकाळी फोनवर कुणीतरी विचारतं, ‘आज खिशात काय?’ की सगळे आपापल्या चाकूचा फोटो टाकतात.

रायपूरच्या वासुभाऊंचा फोटो कधी बदलत नसे. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेल्या या गृहस्थांकडे चाकूच एक. मूठ काळ्या शिंगाची, पातं धार लावून लावून निमुळतं झालेलं. गेल्या वर्षी तोच फोटो दिवसातून दोनदा यायला लागला. मग दुपारी, संध्याकाळी, पुन्हा. गटात थट्टा सुरू झाली, आणि तेवढ्यात मला त्यांच्या बायकोचा, शशीवहिनींचा फोन आला.

“भाऊजी, ह्यायले आता काही ध्यानात राह्यत नाही. चाकू उघडाच ठेवून देतात कुठंबी. आमी मांगतला तर आंगावर येतात. तुमी या. तुमाले देतीन.”

पुण्याहून गाडीत बसलो. नागपूर गेलं, गोंदिया गेलं, आणि दोन्हीकडे धान कापून झालेली रिकामी शेतं लागली. समोरच्या बाईंनी पेरू काढला, तेव्हा सवयीनं माझा हात खिशात गेला. पण आज चाकू काढावासा वाटला नाही. त्यांनी तो दातांनीच खाल्ला.

वासुभाऊंचं घर रेल्वे वसाहतीमागच्या एका पाऱ्यात (मोहल्ल्यात) आहे. ते फाटकापाशीच उभे होते. “मास्तर! येवाले काहून इतका वेळ लावला?” म्हणून त्यांनी मला मिठी मारली. ओळखलं म्हणून मला इतकं बरं वाटलं, की वहिनींना गैरसमज झाला असावा असंच मी ठरवून टाकलं. मग वहिनी फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या) घेऊन आल्या. त्यांच्या उजव्या तळव्याला जाड पट्टी होती.

“गोधडी झटकून राह्यली होती,” त्या हळूच म्हणाल्या. “आतमंधी उघडाच होता.”

वासुभाऊ चटणी वाढत होते. “मास्तर, येवाले काहून इतका वेळ लावला?” त्यांनी पुन्हा विचारलं. मी फऱ्याचा तुकडा चटणीत नुसताच घोळवत राहिलो.

संध्याकाळी आम्ही तेलीबांध्याच्या तळ्यावर गेलो. पंडरीच्या कापडबाजारातले किशोरभैया आमच्याच गटातले, गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापायला चाकू बाळगणारे, तेही आले. नव्या इमारतींचे दिवे पाण्यात उतरायला लागले होते आणि काठावर फिरणाऱ्यांची जत्रा होती. आम्ही बाकावर रुमाल पसरला. आमच्यात चाकू कधी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. आणि ज्यानं उघडला त्यानंच मिटवायचा. दुसऱ्यानं मिटवायचा तो एकाच प्रसंगी, चाकू कायमचा द्यायचा असेल तेव्हा. मालक तो उघडून ठेवतो, घेणारा मिटवतो, आणि मग तो घेणाऱ्याचा होतो. हे नियम कुणी केले कोण जाणे, पण आम्ही ते देवाधर्मासारखे पाळतो.

किशोरभैयांनी बिही (पेरू) आणले होते. वासुभाऊंनी नखानं पातं ओढलं आणि मी बघतच राहिलो. दिवस विसरणाऱ्या त्या माणसाचा हात काही विसरला नव्हता. फोडी एकसारख्या पडत होत्या, अंगठा धारेपासून जपून मागे राहत होता. “वाह, वासुभैया!” किशोरभैया म्हणाले. वासुभाऊ लहान मुलासारखे हसले. हा चाकू आपण मागायचा? मला माझीच चीड आली.

मग त्यांनी पातं रुमालाला पुसलं आणि चाकू तसाच उघडा शर्टाच्या खिशात घालायला नेला. टोक छातीकडे.

“अरे, अरे भैया!” किशोरभैया ओरडले. मी वासुभाऊंचं मनगट धरलं. फिरणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. वासुभाऊ आधी माझ्यावर चिडले, हात हिसकायला लागले. मग त्यांची नजर पात्यावर गेली.

“मिटवला नोयता का म्या?”

“नाही, वासुभाऊ.”

त्यांनी चाकू खिशापासून दूर घेतला. मग म्हणाले, “शशीच्या हाताले... ते माह्याच चाकूनं लागलं?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. “हो,” मी म्हणालो.

“तुमी तेच्यासाठीच आले ना?”

मी होकारार्थी मान हलवली. वासुभाऊंनी चाकू रुमालावर ठेवला, उघडाच, मूठ माझ्याकडे करून. हात गुडघ्यांवर घेतले.

“मिटवा, मास्तर.”

किशोरभैयांनी तोंड फिरवलं. मी पातं मिटवलं. टक् असा आवाज झाला आणि मला रडू आलं. वासुभाऊच माझी पाठ थोपटत होते.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनींनी डब्यात चिला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) बांधून दिला. स्टेशनवर माझी बॅग तपासणाऱ्या शिपायानं भुवया चढवल्या. “दो-दो चाकू, अंकल?”

“एक मेरा है, एक दोस्त का,” मी म्हणालो. त्यानं दोन्ही उलटसुलट पाहिले, फळं घरूनच कापून आणावीत यावर मला एक भाषण दिलं आणि सोडलं.

गाडी दुर्गच्या पुढे गेली तेव्हा फोन वाजला.

“मास्तर, माहा चाकू सापडून नाही राह्यला. कालपासून पाह्यतो. तुमी पाह्यला का कुठं?” आवाज घाबराघुबरा होता. मागून वहिनींचं “असू द्या ना, असू द्या” ऐकू येत होतं.

“पाहिला. माझ्याजवळ आहे.”

“मिटवेल हाय का उघडा?”

“मिटवलेला आहे.”

“मंग बरं हाय,” ते म्हणाले. “कोनाले लागू नये बाप्पा.”

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. चाकू मिटवल्यावर तो माझा झाला, असं आमचा नियम सांगतो. पण आपल्याला चाकूचं हे वेड कशासाठी, याचं उत्तर मला रायपूरला मिळालं. आपला हात अजून आपला आहे, एवढंच तो खिशात असताना वाटत असतं. वासुभाऊंचं ते वाटणंच मी चाकूबरोबर घेऊन आलो. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि ते तेच विचारतात. मी आधी चाकू काढून हातात घेतो, बघतो, आणि मगच सांगतो, “मिटवलेला आहे, वासुभाऊ.”