आधी गाऊन दाखव

आमच्या गल्लीत त्याला सगळे भोंगा म्हणतात. कारखान्याचा भोंगा वाजला की पाळी सुटते, तसा याच्या दुकानातला स्पीकर वाजला की लोक समजतात, आज सुट्टी. धंदा लेथचा. फिरत्या लोखंडाला हत्यार टेकलं की निळसर किस कुरळा होत खाली पडतो, आणि भोंगा त्याच्याकडे न्हालेल्या लेकराच्या जावळाकडे बघावं तसा बघतो.

"सहा दिवस मशीन माझ्यावर ओरडतं," तो म्हणतो. "सातव्या दिवशी माझ्या बाजूनं ओरडणारं कुणी नको?"

म्हणून त्याला मेटल प्रिय, कानठळ्या बसवणारं ते गिटार-ढोलांचं रॉक संगीत.

सुट्टीच्या दुपारी लेथवर ताडपत्री पडते, रेकॉर्ड प्लेयर बाहेर निघतो आणि आम्ही जमतो. मी शेजारचा पत्रेवाला, सगळ्यांचं ऐकणारा. शास्त्रीयच्या बाजूनं गणिताच्या बाई. आता निवृत्त आहेत, पण भोंग्याला पाढे त्यांनीच शिकवले. तिसरा औषधाच्या दुकानातला कंपाउंडर. त्याला संगीतात आवाजांचे प्रयोग लागतात. त्याच्या अल्बमात नळ गळतो, दार करकरतं, आणि हा डोळे मिटून मान डोलावतो.

"हे विकत आणलंस?" भोंगा विचारतो. "माझ्या फ्रीजजवळ येऊन बसायचं की."

"तुझा फ्रीज एकसुरी आहे," कंपाउंडर म्हणतो.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळे आहेत. सगळ्यांचे हात वर आले तरच त्या अल्बमचं कव्हर तिथं टांगायचं. व्हायोलिनची कव्हरं होती, गळत्या नळालाही जागा मिळाली होती. मेटलचं एकही नव्हतं. भिंत भोंग्याची, खिळे त्याचे, हातोडी त्याची, आणि मान सगळा पाहुण्यांचा. "स्वतःच्या दुकानात भाडेकरू," त्याची बायको, आमच्या वहिनी, त्याला चिडवायच्या. तो हसायचा, पण त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा.

एकदा बाईंनी आणलेली व्हायोलिनची रेकॉर्ड ऐकून तो म्हणाला होता, "गंजलेली बिजागरी."

बाई चिडल्या नाहीत. "नाव ठेव," म्हणाल्या, "पण आधी गाऊन दाखव. गाता येत नाही म्हणजे तू ऐकलेलंच नाहीस."

तेव्हापासून हाच आमचा कायदा झाला. नाव ठेवता यावं एवढ्यासाठी भोंगा लेथवर वाकून ती चाल शीळ घालून म्हणायला शिकला. शीळ जमली आणि नाव ठेवायची हौसच गेली. ते कव्हर त्यानंच टांगलं.

बाई मात्र हुशार. मेटल लागलं की नाव ठेवायच्याच नाहीत. हात मांडीवर, ओठ मिटलेले. जिथं तक्रार नाही तिथं कायदा तरी काय करणार?

पण एका सुट्टीला काळ्या कव्हरचा मेटल अल्बम लागला तेव्हा त्यांचा तोल गेला. "डब्यात खडे घालून हलवल्यासारखं आहे," त्या बोलून गेल्या.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "बाई, आधी गाऊन दाखवा."

"हे गाता येण्यासारखं नाही गं."

"मग नाव ठेवण्यासारखंही नाही."

कंपाउंडरनं डोळे उघडले. बाईंनी ती रेकॉर्ड पिशवीत घातली आणि घरी नेली.

मग आठवडाभर बाईंच्या खिडकीतून जे बाहेर येत होतं त्यानं गल्ली हवालदिल झाली. दूधवाला मला दबकत विचारून गेला, "बाईंची तब्येत बरी आहे ना?" इकडे भोंगा एकच दांडा दिवसभर मोजत बसलेला.

"अहो, मोजून मोजून झिजेल तो," वहिनी म्हणाल्या.

"बाईंनी नापास केलं तर मेटल पुन्हा नाही लावणार," तो म्हणाला. थट्टा नव्हती ती.

सुट्टीच्या दुपारी बाई आल्या. हत्यारांच्या पेटीजवळ ताठ बसल्या, चष्मा काढून पदराशी ठेवला आणि सुरू झाल्या. बोटांनी पेटीवर ढोल, तोंडानं गिटार. आवाज बारीक, पण पट्टी सुटली नाही. घसा खरवडून म्हणायचा तो खर्जही त्यांनी चुकवला नाही. पुढच्या बाकावर बसून कविता म्हणणाऱ्या मुलीसारखं त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटलं.



"आता ठेवा नाव," वहिनी हळूच म्हणाल्या.

बाईंनी भोंग्याकडे बघितलं. "मध्ये सगळे थांबतात आणि गिटार एकटीच चालत राहते. तिथं मी सुई पुन्हा पुन्हा मागे नेली. आधी चूक शोधायला." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग नुसतीच."

आणि त्यांचा हात वर गेला. आमचे तर कधीचेच वर होते.

भोंग्यानं हातोडी घेतली. केसाच्या जाडीचीही चूक न करणारा तो हात, आणि खिळा पहिल्याच ठोक्याला वाकला. हातोडी खणकन फरशीवर पडली.

"हा आवाज सुरेख होता," कंपाउंडर म्हणाला. "रेकॉर्ड करायला हवा होता."

"आधी गाऊन दाखव," बाई म्हणाल्या.

हसता हसता भोंग्यानं डोळे बाहीला पुसले, खिळा ठोकून सरळ केला आणि काळं कव्हर भिंतीच्या मधोमध टांगलं. या वेळी तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"बसलास काय?" बाई म्हणाल्या. "लाव. आणि आवाज वाढव, बारीक आवाजात त्याची मजा नाही."